मधुमेह आणि नाजूक जागेवरील चामखीळ

इस्लापूरकडचे एक शेतकरी काही महिन्यांपूर्वी दवाखान्यात आले. वय पन्नाशीच्या पुढचे. बरोबर पत्नी होती, पण तिला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसविले. आत येऊन दार लोटून घेतले, आणि तरीही पाच मिनिटे गुडघेदुखीबद्दलच बोलत राहिले. शेवटी खाली मान घालून म्हणाले, "सायेब, खाली मस आल्यात. आठ महिने झाले. गावातल्या एकानं चुना-सोडा लावाया सांगितला, तर जागा चिघळली. घरात भांडण लागलंय ते येगळंच."

तपासले तेव्हा शिस्नाच्या पुढच्या कातडीवर फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या बारीक चामखिळी होत्या. शेजारी चुन्याने भाजलेली जखम होती, ती तीन आठवडे उलटूनही भरलेली नव्हती. कातडी नीट मागे सरकत नव्हती आणि तिच्या कडेला बारीक उभ्या चिरा पडल्या होत्या. त्या चिरा पाहून आधी बोटातून रक्त काढले. साखर ३१२ निघाली. मधुमेह असल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलून लिहिले आहेत.)

हा विषय वर्तमानपत्रात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण न बोलण्याची किंमत काय असते, हे आपल्याच महाराष्ट्रात एकदा मोजले गेले आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी सहकाऱ्यांसह गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभरातील ९२ स्त्रियांना जननेंद्रियाचा काही ना काही आजार होता, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात केवळ ८ होत्या. पुरुषांची चोरीही काही कमी नसते. पुरुष गुडघ्याचे नाव सांगून येतो, एवढाच फरक.

चामखीळ कशाने होते?

जननेंद्रियावरील चामखीळ हा एका विषाणूमुळे होणारा आजार आहे. या विषाणूचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे. हातापायावर येणारी साधी चामखीळ वेगळ्या प्रकारांमुळे होते. नाजूक जागेवरील दहापैकी सुमारे नऊ चामखिळींना ६ आणि ११ हे दोन प्रकार कारणीभूत असतात. शरीरसंबंधात त्वचेला त्वचा लागून हा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग करणारे १६ आणि १८ हे प्रकार निराळे आहेत. त्यामुळे चामखीळ आली म्हणजे कर्करोग झाला, असे समजून घाबरून जाऊ नये.

पुरुषांमध्ये शिस्नावर, स्त्रियांमध्ये योनीच्या बाहेरच्या व आतल्या भागावर आणि दोघांमध्येही गुदद्वाराभोवती या चामखिळी येतात. त्या सहसा दुखत नाहीत. कधी खाज सुटते, घासले गेल्यास रक्त येते. गुदद्वाराजवळच्या चामखिळीला लोक हमखास मूळव्याधीचा कोंब समजतात, आणि मग 'बिनऑपरेशन मूळव्याध बरी' अशा पाट्यांचा शोध सुरू होतो.

आता मुख्य प्रश्न. मधुमेहामुळे चामखीळ होते का? नाही. विषाणू शरीरात शिरल्याखेरीज साखर कितीही वाढली तरी चामखीळ येणार नाही. पण शेतकऱ्याला सांगावयास नको की बी पडले म्हणजे ते उगवतेच असे नाही. जमीन कशी आहे त्यावर पुष्कळ अवलंबून असते. एचपीव्हीचा संसर्ग झालेल्या बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती त्याला वर्ष-दोन वर्षांत दाबून टाकते, अंगावर काहीच दिसत नाही. हे काम रक्तातील पांढऱ्या पेशी करतात. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की या पेशी सुस्तावतात. विषाणू धरलेल्या पेशी ओळखून मारण्याची त्यांची क्षमता कमी होते. म्हणूनच साखर बेताल असलेल्या माणसात चामखिळी अधिक काळ टिकणे, पसरणे, काढल्यावर पुन्हा येणे हे घडू शकते. ज्याची साखर औषध, आहार व चालण्याने आटोक्यात आहे त्याला ही अडचण फारशी येत नाही. त्याच्यावरचे उपचार चारचौघांसारखेच होतात.

भांडणाचा मुद्दा

वर सांगितलेल्या गृहस्थांच्या घरी खरा वणवा पेटला होता तो आजाराचा नव्हे, संशयाचा. लग्नाला तीस वर्षे झालेली. पत्नी दोन महिने माहेरी जाऊन राहिली होती. तिचे म्हणणे साधे होते : आज उगवले म्हणजे कालपरवा कुठेतरी जाऊन आणले.

हे शास्त्राला धरून नाही. विषाणू शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत साधारणपणे दोन-तीन महिने जातात, पण कधी कधी कितीतरी अधिक काळ जातो. विषाणू त्वचेत वर्षानुवर्षे गप्प पडून राहू शकतो. मधुमेहाने प्रतिकारशक्ती ढिली पडली की इतके दिवस दबलेला विषाणू डोके वर काढू शकतो. त्यामुळे तो कधी लागला आणि कोणाकडून कोणाला लागला, हे चामखिळीकडे पाहून कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. रक्ताच्या तपासणीनेही ते कळत नाही. माणूस निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र डॉक्टरने देऊ नये, तसाच दोषीही ठरवू नये. मी त्या दोघांना समोर बसवून एवढेच सांगितले. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग साखर कमून कुणी आधी बघितली नाही?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या आठ महिन्यांत त्यांनी दोन ठिकाणी मलमे घेतली होती.

चामखीळ की आणखी काही?

मधुमेही माणसाच्या नाजूक जागेवर दिसणारी प्रत्येक गोष्ट चामखीळ नसते. साखर वाढली की ती लघवीवाटे जाऊ लागते, त्या भागाला ओल राहते आणि तिथे बुरशी माजते. पुरुषांमध्ये शिस्नाचे टोक लाल होते, पांढरट थर येतो, कातडी चिरते आणि हळूहळू आवळून मागे सरकेनाशी होते. स्त्रियांमध्ये दह्यासारखा पांढरा स्राव जातो आणि झोप लागू नये इतकी खाज सुटते. उतारवयात पहिल्यांदाच अशी कातडी चिरू लागली तर प्रथम साखर तपासावी. कित्येकांचा मधुमेह असाच उघडकीस येतो. आवळलेल्या कातडीच्या आत चामखीळ लपून राहते आणि महिनोन्महिने दिसत नाही, हीदेखील एक अडचण आहे.

अलीकडे मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या पुष्कळांना दिल्या जातात. त्या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला व मूत्रपिंडाला त्यांचा चांगला उपयोग होतो, पण काहींना नाजूक जागी बुरशीचा त्रास होतो. तसे झाल्यास गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. लघवीनंतर जागा पाण्याने धुऊन कोरडी ठेवली तरी बराच फरक पडतो.

औषधाच्या दुकानात 'खाजेचे मलम' म्हणून ज्या ट्यूब हातोहात मिळतात, त्यांतील बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवस खाज थांबते, लाली जाते आणि औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात स्टेरॉइड त्या जागेची उरलीसुरली प्रतिकारशक्तीही दाबते. मग बुरशीही फोफावते आणि चामखीळही. इस्लापूरच्या या गृहस्थांच्या पिशवीत अशा दोन ट्यूब निघाल्या.

दुसरा आजार ओळखून ठेवण्यासारखा आहे तो म्हणजे उपदंश, ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात. त्याच्या दुसऱ्या अवस्थेत त्याच जागेवर चपट्या, ओलसर, चामखिळीसारख्या गाठी येतात. त्या जाळून उपयोग नाही, त्यांना पेनिसिलिनचे इंजेक्शन लागते. म्हणून चामखिळीच्या प्रत्येक रुग्णाच्या रक्ताची गरमीसाठी आणि एचआयव्हीसाठी तपासणी करून घ्यावी. एचआयव्हीतही प्रतिकारशक्ती खालावून चामखिळी झपाट्याने वाढतात. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. तपासणी सांगितली म्हणजे डॉक्टरांनी संशय घेतला असा अर्थ काढू नये.

घरगुती जाळणे

चुना आणि धुण्याचा सोडा ओला करून एकत्र केला की त्यातून कॉस्टिक तयार होते. ते मांस जाळते. हातावरच्या चामखिळीला आपल्या वाडवडिलांनी ते लावले असेल आणि ती गळूनही पडली असेल. पण नाजूक जागेची कातडी पातळ असते. तिथे कॉस्टिक चामखिळीपुरते थांबत नाही. त्यात मधुमेह असला तर तीन गोष्टी एकदम घडतात. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पोचते म्हणून जखम भरत नाही. साखरेमुळे जंतू लवकर वाढतात. आणि ज्यांच्या नसांवर मधुमेहाचा परिणाम झाला आहे, त्यांना भाजल्याची आग उशिरा कळते. अशी जखम चिघळून वृषणाच्या पिशवीपर्यंत सडल्याचे प्रकार वैद्यकशास्त्राला माहीत आहेत, आणि त्यांत मधुमेहींचा भरणा मोठा असतो. त्या जागी सूज, काळपटपणा, दुर्गंधी आणि ताप एकत्र दिसला तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच मोठ्या रुग्णालयात जावे.

घोड्याच्या शेपटीचा केस बांधणे, ब्लेडने छाटणे हेही त्याच माळेतले. ब्लेडने विषाणू शेजारच्या कातडीत पेरला जातो. चामखिळी आहेत तोवर त्या जागेची हजामतही करू नये. केस कात्रीने कमी करावेत. पायाच्या भोवरीसाठी मिळणारे सॅलिसिलिक ॲसिडचे पातळ औषध काहीजण इथे वापरतात. त्याच्या बाटलीबरोबरची सूचना कोणी वाचत नाही. ते जननेंद्रियावर लावू नये आणि मधुमेहींनी विचारल्याशिवाय वापरू नये, असे त्यात छापलेले असते.

डॉक्टरांकडचे उपाय

विषाणू मारणारे औषध अद्याप नाही. सर्व उपाय दिसणारी चामखीळ घालविण्याचे आहेत. आतला विषाणू शेवटी शरीरालाच आवरावा लागतो. म्हणून तर साखरेचे एवढे महत्त्व.

सर्वांत जुना उपाय पोडोफायलीनचा. हिमालयात वाढणाऱ्या एका वनस्पतीच्या मुळांपासून हा राळेसारखा पदार्थ काढतात. १९४२ सालापासून तो या चामखिळींवर वापरात आहे. डॉक्टर तो स्वतः लावतात आणि एक ते चार तासांत धुऊन टाकावयास सांगतात. तो घरी नेऊन लावण्याचा नाही, आणि गर्भवती स्त्रीला तर मुळीच लावू नये. मधुमेहींच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पोडोफायलीनच्या सूचनापत्रात मधुमेह असलेल्यांना व रक्ताभिसरण कमजोर असलेल्यांना ते लावू नये असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्याकडे रुग्ण मधुमेह सांगत नाही आणि घाईत कोणी विचारत नाही. तेव्हा हे औषध लावण्यापूर्वी 'मला साखर आहे' हे तीन शब्द रुग्णानेच उच्चारावेत.

ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडचा थेंब काडीने चामखिळीवर लावतात, तिथे लगेच पांढरा डाग उमटतो. गर्भवतीलाही हे चालते. मात्र हात कसलेला हवा. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांइतका थंड असतो, त्याने चामखीळ गोठवून मारतात. फोड येतो आणि काही दिवसांत जातो. मोठ्या किंवा पुष्कळ चामखिळी असतील तर जागा बधिर करून विजेच्या सुईने जाळतात किंवा कापून काढतात. हृदयाला पेसमेकर बसविलेला असल्यास विजेच्या उपचाराआधी जरूर सांगावे.

इमिक्विमॉड नावाचे मलम घरी लावता येते. आठवड्यातून तीन रात्री लावून सकाळी धुवावयाचे, असे फार तर १६ आठवडे. ते चामखीळ जाळत नाही, त्या जागेची प्रतिकारशक्ती जागी करते. माझे मत असे की, साखर तीनशेच्या घरात असताना या महागड्या मलमाकडून फार अपेक्षा ठेवू नये. ज्या फौजेला ते हाक मारते, ती फौजच पेंगलेली असते. आधी साखर खाली आणावी, मग पैसे खर्च करावेत.

जाळण्याची किंवा कापण्याची घाई सहसा नसते. त्यामुळे त्याआधी मागील तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी एचबीएवनसी ही तपासणी करून घ्यावी. ती आठच्या आसपास किंवा खाली असावी, असे पुष्कळ शल्यचिकित्सक पाहतात. फार वाढलेली असेल आणि चामखीळ साधी असेल, तर काही आठवडे थांबून साखर आवरणे शहाणपणाचे. आवळलेली कातडी काढण्याच्या शस्त्रक्रियेलाही हेच लागू आहे. मात्र साखर उतरावी म्हणून उपाशी राहण्याचा वेडेपणा करू नये. गोळ्या चालू असताना जेवण चुकविले तर साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

थांबू नये अशी एकच स्थिती आहे. चामखीळ टणक झाली, वरून फुटली, तिचा रंग बदलला, वारंवार रक्त येऊ लागले, किंवा उपचार करूनही ती वाढतच राहिली, तर तिचा तुकडा काढून लगेच तपासावा. शिस्नाचा कर्करोग क्वचित होतो, पण ज्यांची कातडी आवळलेली असते त्यांच्यात तो अधिक दिसतो आणि पहिल्यांदा चामखिळीसारखाच वाटतो.

चामखिळी गेल्यावरही पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा उगवण्याची शक्यता अधिक असते. तेव्हा औषध फुकट गेले म्हणून डॉक्टर बदलू नये. दर दोन-तीन आठवड्यांनी दाखवून बारीक असतानाच त्या काढून घ्याव्यात. काहींच्या चामखिळी उपचाराविनाही जातात, हे खरे आहे. पण साखर चढलेल्या माणसाने त्या भरवशावर बसू नये. या काळात शरीरसंबंध टाळावा, निदान निरोध वापरावा. निरोधाने धोका कमी होतो, पुरता टळत नाही, कारण त्याने न झाकलेल्या कातडीवरही विषाणू असतो.

पत्नीचे काय?

एकाला चामखीळ असल्यास जोडीदाराचीही तपासणी करावी. चामखीळ नसेल तर औषध लागत नाही. पण तीस वर्षांवरील स्त्रीने या निमित्ताने गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घेतली, तर ते मोठेच काम होईल. याचा पुरावा मराठवाड्यातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. काही गावांत एचपीव्हीची तपासणी केली, काहींत इतर पद्धतीच्या तपासण्या, तर काहींत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : जिथे एचपीव्हीची तपासणी केवळ एकदा झाली होती, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्यासारख्याच शेतावर राबणाऱ्या बायकांनी एकदा लाज बाजूला ठेवल्याचा हा हिशेब आहे.

लसही आता आपल्याकडे तयार होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ साली बाजारात आली. ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांविरुद्ध काम करते, म्हणजे चामखीळ आणि कर्करोग दोन्हींपासून बचाव. पण आलेली चामखीळ लसीने जात नाही. तिचा खरा लाभ लहान वयात, संसर्ग होण्यापूर्वी घेतल्यास मिळतो. त्यामुळे वडिलांनी ती स्वतःसाठी विचारण्यापेक्षा मुलीसाठी विचारावी.

इस्लापूरच्या गृहस्थांचे पुढे असे झाले. पहिले दोन महिने चामखिळीला हातच लावला नाही. जखम रोज मिठाच्या कोमट पाण्याने धुणे, बुरशीवर औषध, मधुमेहाच्या गोळ्या, आणि पहाटे पैनगंगेच्या बाजूने तासभर चालणे, एवढेच चालले. जखम भरली. साखर उतरली तशा दोन-तीन बारीक चामखिळी आपोआप सुकल्या. उरलेल्या विजेच्या सुईने काढल्या. सहा आठवड्यांनी एक पुन्हा उगवली, तीही काढली. पत्नीच्या तपासणीत काही निघाले नाही. मात्र तिचीही साखर थोडी चढलेली आढळली. आता दोघे मिळून येतात आणि बाहेरच्या बाकावर कोणी बसत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील कोणाचीही साखर मोफत तपासली जाते, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी. पुढील उपचारासाठी किनवटजवळ गोकुंद्याचे उपजिल्हा रुग्णालय आहे. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचा व गुप्तरोग विभाग आहे. 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी असलेल्या सरकारी दवाखान्यातही हे आजार तपासले जातात. जाताना साखरेचे जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटे आणि आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी असली तरी, बरोबर न्यावी. त्या दिवशी सकाळी जागेवर कोणतेही मलम लावू नये, म्हणजे डॉक्टरांना मूळ आजार दिसेल.